गाणी माहीत नाहीत, तरी रॉकवाल्यांची आत्मचरित्रं वाचू का?

प्रश्न: मी फोंड्याला राहतो, घरात नाट्यसंगीत आणि भजन, गिटार कधी हातात धरलेली नाही. मुलाच्या टेबलावरचं रोलिंग स्टोन्स बँडच्या गिटारवाल्या कीथ रिचर्ड्सचं 'लाइफ' सहज उघडलं आणि मग सोडवेना. आता अजून तसलीच हवीत. पण बायको म्हणते, गाणी न ऐकता नुसत्या भानगडी वाचता. आणि एवढी नशा केलेल्या माणसाला एवढं सगळं आठवतं कसं हो?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: वाचा हो बिनधास्त, भिवपाची गरज ना! वहिनींना विचारा, हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' लोकांनी काय अभिनय शिकायला वाचलं होतं? आठवतं कसं तेही तिथेच कळतं, ते पुस्तक अरुण साधूंनी बाईंशी बोलून बोलून तयार केलं, तसंच 'लाइफ' (2010) जेम्स फॉक्स या पत्रकाराला सोबत घेऊन लिहिलंय आणि मध्येमध्ये जुने मित्रही आपापली बाजू सांगून जातात, त्यामुळे विसरलेलं बरंच भरून निघतं.

मला विचाराल तर नशा आणि व्यसनमुक्ती केंद्राची पानं सगळ्या पुस्तकांत सारखीच, खुशाल उलटा. खरी मजा ही माणसं कामाबद्दल बोलायला लागतात तेव्हा. कीथने गिटारची सहावी तार काढूनच टाकली आणि उरलेल्या पाच तारा ओपन जी ट्यूनिंगमध्ये लावल्या, म्हणजे तारा नुसत्या मोकळ्या छेडल्या तरी जी मेजर कॉर्ड वाजते, ते वाचून मग त्यांच्या 'स्टार्ट मी अप' गाण्याची फक्त सुरुवात ऐका, ज्याला सूर कळतो त्याला लगेच कळेल काय भानगड आहे ती, आणि वहिनींची तक्रारही मिटली.

पुढे रॉक गायिका पॅटी स्मिथचं 'जस्ट किड्स' घ्या, त्याला 2010 चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळालाय, त्यात रॉक कमी आणि न्यूयॉर्कमधले कडकीचे दिवस जास्त, मला तर ते 'लाइफ'पेक्षा आवडतं. गायक बॉब डिलनचं 'क्रॉनिकल्स' (2004) तिरपागडं, ज्या वर्षांत तो जगभर गाजला तीच बाबा गाळून टाकतो. रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न टू रन' जाडजूड, पण वडील आणि डिप्रेशनबद्दल फार सरळ लिहिलंय. मॉटली क्रू या बँडचं 'द डर्ट' नुसता धिंगाणा, बँडमधले चौघं आळीपाळीने सांगतात आणि एकमेकांना खोटं पाडतात, हसू येतं, पण बायकांशी वागणं वाचून किळसही येते, तेव्हा सांभाळून.

आणि हे सगळं राहू दे बाजूला, आपल्या शिवोलीच्या गायक रेमो फर्नांडिसचं आत्मचरित्र वाचलंत का? 2021 मध्ये आलंय. 1984 ची 'गोवन क्रेझी' ही गाण्यांची कॅसेट त्याने घरीच रेकॉर्ड केली आणि कॅसेटी स्कूटरवर घालून स्वतः दुकानादुकानांत नेऊन दिल्या. यातले रस्ते तरी तुमच्या ओळखीचे असतील! पुस्तकं महाग असतात, विकत घेण्याआधी पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत एकदा विचारून बघा.