‘फ्रूट्स बास्केट’ने सुरुवात करताय?

झकास निवड! नात्सुकी ताकाया यांची ही मांगा (जपानी कॉमिक) मालिका 1998 ते 2006 चालली. 23 खंड बघून दडपून जाऊ नका, सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- पानं आणि चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या. पहिल्या दिवशी सगळेच गडबडतात.
- पहिल्या दोन-तीन खंडांवरून मत बनवू नका. विरुद्ध लिंगाच्या व्यक्तीने मिठी मारताच सोमा घराण्यातली शापित माणसं प्राणी होतात, त्याच घराण्यातली कागुरा क्योला बदडून काढते. हा आदळआपटीचा विनोद मला आजही रुचत नाही.
- 2001चा अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) म्हणजे पूर्ण गोष्ट नव्हे. तेव्हा मांगा संपलाच नव्हता.

ताकद कुठे आहे? लहानपणीच्या ‘फ्रूट्स बास्केट’ खेळात प्रत्येक मुलाला एका फळाचं नाव मिळतं, नायिका तोहरूला मात्र ‘ओनिगिरी’, म्हणजे भाताचा गोळा. फळांच्या टोपलीत भाताला कोण हाक मारणार? ती बसूनच राहते. पुढे तीच क्योला सांगते की, प्रत्येकाच्या पाठीवर ओनिगिरीसारखं एक आंबट उमे (खारवलेलं जपानी फळ) लावलेलं असतं, म्हणजे त्याचा चांगला गुण; ते स्वतःला दिसत नाही, दुसऱ्याला दिसतं. मालिकेचा जीव अशा जागांत आहे, त्यामुळे तोहरूसाठी ‘युकी की क्यो’ (दोघेही सोमा घराण्यातले) एवढ्यावरच नजर ठेवून पानं पळवू नका. तोहरूच्या मैत्रिणी हाना आणि उओ यांची प्रकरणं तर अजिबात गाळू नका.

उणीव म्हणाल तर पात्रं फार. नावं विसरलात तर खुशाल मागे जा, मीही जायचो. शेवटाबद्दल माझी तक्रार आहे, पण ती तुमचा 23वा खंड संपल्यावर.