वही उशीखालीच असू दे

प्रिय ताई,

देवगडहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक मस्कतला वाढली, दोन वर्षांपूर्वी तुम्ही तिला सासूबाईंकडे घेऊन आलात. आता ती 13 वर्षांची आहे, वर्गात तिला ‘मस्कतवाली’ म्हणतात. उशीखाली कवितांची वही सापडली, त्यात ओळ होती: ‘आजीच्या घरात माझा आवाज पाहुणा आहे.’ तिला इथे आणून चुकलो का, असं तुम्ही विचारता.

आधी वहीचं. न विचारता वाचलीत, हे तिला आजच सांगा. चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. चिडू दे.

ती ओळ मला तक्रार वाटत नाही. ती सतत वाचते म्हणता ते थान्हा लाय यांचं ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’ तुम्हीही वाचा. 1975 मध्ये व्हिएतनाममधलं सायगॉन सोडून अमेरिकेत अलाबामात पोचलेल्या ‘हा’ नावाच्या 10 वर्षांच्या मुलीची कादंबरी, सगळी मुक्तछंदात. घरामागचं पपईचं झाड तिच्या मनातून जात नाही. तिकडे कुणी सुकवलेली पपई आणून देतं, ती रागानं फेकून देते. मग आई तशीच पपई गरम पाण्यात भिजवून मऊ करते. झाडावरच्या पपईची चव नाही, पण खाववते.

तुमची लेक तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं चपातीत गुंडाळून खाते, मस्कतच्या खुबूस रोटीसारखं, आणि ते सासूबाईंना खपत नाही. अहो, तीही पपईच भिजवतेय! खाऊ दे तिला तसं.

सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या येत असतील. सासर-माहेर अशा दोन घरांत जीव अडकलेल्या बायकांनीच त्या रचल्या. लेक जवळ असताना एखादी म्हणायला सांगा. उतरून घे, असं मात्र तिला सांगू नका. तुम्ही स्वतः कोल्हापूरच्या. ‘कुठे’चं मालवणी ‘खंय’ व्हायला किती वर्षं लागली, तेही तिला कळू दे.

आणायला चुकलात असं मी म्हणणार नाही. पण तेव्हा तिला विचारलं नव्हतं, हे तुम्हीच लिहिलंय. तेवढं तिच्यापाशी कबूल करा, आणि ‘तुझ्याच भल्यासाठी’ हे शब्द त्याला जोडू नका.

वही होती तिथे ठेवा. कधी आपणहून वाचून दाखवायला बसली तर हातातलं काम खाली ठेवा आणि शेवटच्या ओळीपर्यंत मधे बोलू नका.

तुमची,
मावशी