वाळू न घालता खाऱ्या पाण्याची रीफ टाकी चालते का?

निपाणीहून विचारलंय: ३ फुटी टाकी आहे, तळाला वाळू न घालता नुसत्या काचेवर रीफ, म्हणजे कोरल आणि समुद्री मासे, करायची आहे. चालेल का, माशांची घाण फोडणारे बॅक्टेरिया राहणार कुठं, वेव्हमेकर (टाकीतलं पाणी फिरवणारा पंप) केवढा लागेल, आणि उघडा तळ दवाखान्यासारखा दिसतो म्हणतात ते खरं का?

चालते. बॅक्टेरिया दगडात राहतात. दवाखान्यासारखी दिसते, पण पहिलं वर्षभरच. एवढ्यावर थांबलो असतो. पण तुमच्या प्रश्नात खाली 'एक जाणकार म्हणाले, वाळूशिवाय समुद्र कसला' असं वाक्य आहे, आणि हेच वाक्य मी आठ-दहा वर्षं घरात ऐकतोय. तुमचे जाणकार वेंगुर्ल्याचे तर नाहीत ना?

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहे, २२ वर्षं. सिलिका वाळू, बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी, हे मिसळून ठोकायचं हाच धंदा. त्यामुळं वाळूवर मला कुणी शिकवू नये. साच्याला व्हेंट, म्हणजे गॅस जायची भोकं, मारली नाही की गॅस कोंडतो आणि कास्टिंगला ब्लो होल पडतात, हे आमच्यात पोरगं पहिल्या आठवड्यात शिकतं. आणि तरीही शहापुरात माझ्याच घरात, काचेच्या आत, मी तीन वर्षं बिनव्हेंटचा साचा सांभाळत बसलो होतो.

२०१६ ला टाकी केली. ४ बाय २ बाय २ फूट, १२ एमएम काच, काठोकाठ भरली तर ४५० लिटर. मासे मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं, थर्माकोलच्या खोक्यात. तळ उघडाच ठेवायचा हे माझं आधीच ठरलं होतं. जर्मनीतल्या लोकांची बर्लिन पद्धत वाचली होती: भरपूर दगड, जोरदार स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), चांगला लाईट, वाळू नाही. पटलं होतं.

मग दाजी आले. दाजी म्हणजे आक्काचे मालक, वेंगुर्ल्याचे. समुद्र त्यांच्या परसातला, त्यामुळं समुद्रावर शेवटचा शब्द त्यांचाच. टाकी बघितली आणि म्हणाले, "वाळू नाय तर समुद्र कसलो? ही तर न्हाणीघरातली लादी!" पुढच्या खेपेला आंबोली घाट चढून डिकीत चार पोती वाळू घेऊन दारात हजर. १३० किलो तरी असेल. मी काही बोलणार तोवर आई मागून म्हणाली, "एवढं ओझं घेऊन जावई आलाय आणि तू तोंड काय वाकडं करूलास?" आता सांगा, कोण नाही म्हणणार? समुद्रकाठची वाळू अशी पोत्यानं उचलणं कायद्यात बसत नाही हे तेव्हा आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. तुम्ही ते करू नका.

दोन रविवार ती वाळू धूत बसलो. सवयीनं चुंबक फिरवलं तर काळे कण दाढीसारखे लोंबायला लागले. दाजींना दाखवलं. "लोखंड आसा? मगे बरां, माश्यांक ताकद येतली." पाच इंचाचा थर घातला. दोन महिन्यांनी काच पुसायच्या चुंबकाखाली तेच कण अडकले आणि समोरच्या काचेवर वीतभर ओरखडा उमटला. तो अजून आहे. पाहुणे विचारतात तेव्हा मी दाजींचं नाव घेत नाही.

खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं वाळूनं काम केलं. नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून शेवटी उरणारं, ५ पीपीएमच्या वर गेलं नाही. खालच्या थरात ऑक्सिजन नसतो, तिथले बॅक्टेरिया नायट्रेट फोडून नायट्रोजन सोडतात, हे खोटं नाही. मोनॅकोत जाँ जोबेर यांनी तर वाळूखाली पोकळी ठेवून सगळी पद्धतच उभी केली. बर्लिनवाले आणि मोनॅकोवाले यांचा वाद म्हणजे आमचा सीमाप्रश्न. दोन्हीकडं नकाशे आहेत, दोन्हीकडं पुरावे आहेत.

पण वाळू घातली की टाकीची मालकी वाळूकडं जाते. वेव्हमेकर जरा जोरात लावला की एका कोपऱ्यात टेकडी, दुसऱ्या कोपऱ्यात काच उघडी आणि कोरलच्या अंगावर वाळूचा पाऊस. मग मी काय केलं, वेव्हमेकर कमी केला. वेव्हमेकर कमी केला म्हणून घाण खाली बसायला लागली. घाण वाळूत गेली आणि दिसेनाशी झाली. दिसत नाही म्हणून मी खूश. तिसऱ्या वर्षी काचेच्या कडेनं, वरून दोनेक इंचांवर एक काळी रेघ दिसायला लागली. आमच्याकडं जळक्या वाळूचा असाच रंग असतो. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

२०१९ ची नागपंचमी. आक्का माहेरी आलेली, सोबत दाजी. तो पाऊस निपाणीकरांना वेगळा सांगायला नको. हायवे पाण्याखाली, घाट बंद, पंचमीला आलेली माणसं आठवडाभर आमच्याच घरात. पहाटे तीनला लाईट गेली. सकाळी फौंड्रीतून फोन, शेडमध्ये पाणी शिरलंय, या. गेलो. दाजींना सांगून गेलो, "टाकीकडं जरा लक्ष ठेवा."

दाजींनी लक्ष ठेवलं. दुपारी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, ते बघून त्यांचा जीव राहवेना. पाणी हलवलं पाहिजे एवढं त्यांना कळलं, तेही बरोबरच. पण त्यांनी काय करावं? न्हाणीतली धुणं ढवळायची काठी घेतली आणि पाणी तळापासून ढवळलं. पाच इंच वाळूसकट. घरभर सडक्या अंड्याचा वास. आक्काला वाटलं गॅस लीक झाला, तिनं आधी रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. संध्याकाळी पाचला लाईट आली. मी सहाला आलो, तर क्लाऊन माशांची जोडी, फॉक्सफेस मासा आणि दोन्ही क्लीनर श्रिम्प आईनं स्टीलच्या ताटात काढून ठेवले होते. पाणी चहासारखं. निळा डॅमसेल तेवढा जिवंत होता. त्याला यमसुद्धा नेत नाही.

दाजी खुर्चीत बसून म्हणाले, "लाईट गेली म्हणान मेले."

मी काही बोललो नाही. पाहुणा माणूस, त्यात मोठा. पण आज बोलतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुबलक असतं. जिथं ऑक्सिजन पोचत नाही तिथं काही बॅक्टेरिया त्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तो विषारी आहे. वाळूत लोखंड असलं की त्याच्याशी जुळून काळा थर बनतो, आणि लोखंड तर आम्ही पोत्यानं घातलं होतं. एरवी वरच्या पाण्यात भरपूर ऑक्सिजन असतो, थोडाफार सल्फाइड सुटला तरी तो लगेच निपटला जातो. त्या दिवशी दुपारपर्यंतच अकरा-बारा तास पंप बंद, वाळूतले अब्जावधी जीव उरलासुरला ऑक्सिजन ओढतायत, आणि त्यात काठी. वाळू नसती तर काठीनं नुसतं पाणी हललं असतं, आणि दाजींनी मासे वाचवले असते. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी आक्काला तीन वेळा समजावलंय.

वाळू काढायची असली तर आधी सगळा जीव बाहेर काढा. मासे टाकीत ठेवून वाळू उपसू नका, नाहीतर आमची नागपंचमी तुमच्याकडं होईल. मी दोन दिवस मगानं उपसली. चार पोतीच भरली, जेवढी आली होती तेवढीच. मागच्या अंगणातल्या खड्ड्यात गेली, महिनाभर मांजरं तिकडं फिरकली नाहीत.

आता तुमचं. दगड थेट काचेवर ठेवू नका. मी पांढऱ्या पॉलिथिलीनची शीट, भाजी कापायच्या बोर्डाची असते तीच, ६ एमएमची कापून खाली घातली. दगडाला पीव्हीसी पाइपचे चार बोटं उंचीचे पाय लावले, म्हणजे खालून पाणी खेळतं आणि घाण अडकत नाही. वेव्हमेकर दोन, समोरासमोर, जरा खाली तोंड करून. दोघं मिळून तासाला टाकीच्या २० ते ३० पट पाणी फिरवतील असे. तुम्ही लिटर लिहिले नाहीत, गुणाकार तुम्हीच करा. आठवड्याभरात सगळी घाण एकाच कोपऱ्यात जमते. माझ्याकडं पुढचा उजवा. दर रविवारी तिथं नळी लावतो, ४५ लिटर काढतो, तेवढंच मीठ कालवलेलं आरओ पाणी भरतो. वीस मिनिटं. दगडाच्या आतल्या छिद्रांत नायट्रेट फोडणारे बॅक्टेरिया असतात, बाकी काम स्किमरचं.

हीटर घ्याच. चेन्नईचे लोक चिलर सांगतील, ऐकू नका. आपल्याकडं डिसेंबरातल्या रात्री चांगल्याच गार असतात, टाकी २५ वर ठेवायला हीटरच लागतो. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा पुरतो.

दिसण्याचं म्हणाल तर साधारण वर्षानं जांभळं कोरलाइन शेवाळ तळावर पसरतं आणि काच-शीट काही ओळखू येत नाही. दाजी २०२२ ला आले तेव्हा वाकून बघत म्हणाले, "रंग मारलंस काय?" चांगलं झालंय असं मात्र तोंडातून निघालं नाही. उलट मालवणहून पोवळ्याचा दगड आणून देतो म्हणाले. या वेळी मी नाही म्हटलं, आईसमोर. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि टणक सांगाड्याची सगळी पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. माझ्याकडं कोरडा कृत्रिम दगड आणि झोआ, मशरूम, लेदर असली मऊ कोरल मंडळी आहेत. तुम्हीही तिथूनच सुरू करा. कोरड्या दगडावर सायकल, म्हणजे बॅक्टेरिया पुरेसे वाढणं, पुरी व्हायला महिना-दीड महिना जातो, घाई करू नका.

उघड्या तळाचेही भोग आहेत, ते न सांगितलं तर दाजी म्हणतील एकतर्फी लिहिलंस. वाळूत झोपणारे रास जातीचे मासे, जॉफिश, पिस्टल श्रिम्पसोबत बिळात राहणारे गोबी, हे सगळे विसरा. हॅलिकोरस रास मी एकदा आणला. झोपायला जागा मिळेना म्हणून बिचारा रात्रभर काचेवर तोंड आपटत होता, चौथ्या दिवशी परत पाठवला. दुसरं, हा तळ कधीकधी गरजेपेक्षा जास्त स्वच्छ राहतो. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आले की कोरल फिकं पडतं आणि तपकिरी, बुडबुडे धरलेला डायनोचा (डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्म जीवांचा) चिकट थर येतो. मला आला होता, दोन महिने छळलं. तेव्हा नायट्रेट ५ ते १० राहू दे, माशांना पोटभर खायला घाला. आणि वाळू हवीच असेल तर इंचभर घाला, दर आठवड्याला सायफननं धुवा, हेही चालतं. मला फक्त ती मधली, धुताही न येणारी आणि पुरेशी खोलही नसलेली वाळू बघवत नाही. आमची पाच इंच होती, ती कागदावर खोल थरातच मोडते, हेही खरं.

लाईटचं. सगळ्यात आधी बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्या, दगड-मासे नंतर. लाईट गेली की आपोआप सुरू होणारा मिळतो, फार महाग नाही. आमच्याकडं २०१९ ला इन्व्हर्टर होता. त्यावर दोन पंखे आणि टीव्ही जोडलेला होता, मीच जोडला होता. एक वेव्हमेकर त्याच्यावर सहज चालला असता. हे दाजींना त्याच दिवशी दिसलं असणार, कारण दिवसभर ते त्याच खोलीत पंख्याखाली बसून होते. ते अजून एकदाही बोललेले नाहीत.