आपले प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे : वाकलेले बोट आणि कोलॅजिनेजचे इंजेक्शन

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझे वय 66 असून मी न्यू जर्सीत राहतो. उजव्या तळहातात अनामिकेच्या मुळाशी आधी गाठ आली, मग दोरीसारखे काहीतरी ताणले गेले आणि आता बोट सरळ होत नाही. नमस्कार करताना तळहात एकमेकांना टेकत नाहीत. येथील डॉक्टरांनी ‘डुप्युट्रेन कॉन्ट्रॅक्चर’ असे निदान करून कोलॅजिनेजचे इंजेक्शन सुचवले आहे. मला मधुमेह आहे आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. इंजेक्शनची तारीख मिळाली असून त्यानंतर आठवड्याभरात पुतणीच्या लग्नासाठी नाशिकला यायचे आहे. कोणती तयारी करावी?

उत्तर : नमस्कार. सुई टोचण्याच्या दिवसाची धास्ती सगळेच घेतात, परंतु या उपचारात खरी तयारी करावी लागते ती पुढच्या काही दिवसांची आणि महिन्यांची. त्यामुळे लग्नाचा विषय आधी घेतो. शक्य असल्यास इंजेक्शनची तारीख प्रवासानंतरची घ्यावी. हे इंजेक्शन एका भेटीत संपत नाही. साधारण 24 ते 72 तासांनी पुन्हा दवाखान्यात जावे लागते आणि तेथे डॉक्टर बोट हलक्या हाताने ताणून ती दोरी तोडतात. त्यानंतर हात सुजतो, तळहात काळानिळा पडतो, कधी कातडीला चीर जाते. अशा हाताने सामान उचलत लांबचा विमानप्रवास करणे, आणि काही बिनसले तर आपले डॉक्टर सात समुद्रांपलीकडे असणे, हे टाळण्याजोगे आहे. बोट काही महिनाभरात अधिक वाकून हाताबाहेर जाणार नाही.

आता औषधांविषयी. आपण घेत असलेली रक्त पातळ करणारी गोळी ही यातील सर्वांत महत्त्वाची बाब आहे, आणि ती तारीख ठरवतानाच सांगायला हवी, इंजेक्शनच्या खोलीत नव्हे. दिवसाला 150 मिलिग्रॅमपर्यंतची ॲस्पिरिन वगळता अशी औषधे इंजेक्शनच्या आधीच्या सात दिवसांत घेतलेली असतील, तर रक्तस्रावाच्या शक्यतेमुळे हे इंजेक्शन सहसा टाळले जाते. म्हणून कोणी ‘आठवडाभर गोळी बंद करून टाका’ असे सुचवले तरी स्वतःच्या मनाने तसे करू नये, कारण अनियमित ठोक्यांच्या रुग्णाने गोळी सोडली तर मेंदूत गुठळी जाऊन पक्षाघात होऊ शकतो, आणि बोटापायी तो धोका पत्करण्यात काहीच शहाणपण नाही. हृदयरोगतज्ज्ञ आणि हाताचे शल्यचिकित्सक यांनी आपसांत बोलून हा निर्णय घ्यावा. गोळी थांबवणे शक्य नसेल तर दुसऱ्या उपचाराचा विचार होईल. पूर्वी हेच इंजेक्शन घेतले असल्यास, किंवा कोणत्याही औषधाची ॲलर्जी असल्यास, तेही लिहून न्यावे. विमा कंपनीची पूर्वपरवानगी लागत असेल, तर ती मिळाल्याची खात्री फोनवर करून घ्यावी. हे औषध महागडे आहे.

दोरी कोलॅजेन या प्रथिनाची बनलेली असते आणि इंजेक्शनातील कोलॅजिनेज हे विकर (एन्झाइम) ते प्रथिन विरघळवते. अडचण अशी की बोट वाकवणारे स्नायुबंधही कोलॅजेनचेच असतात. म्हणूनच सुई नेमकी दोरीतच जावी लागते, आणि म्हणूनच या उपचाराचे प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडूनच तो करून घ्यावा. सुई अचूक बसण्यात अडथळा नको म्हणून टोचण्यापूर्वी भूल न देण्याची शिफारस आहे. त्यामुळे दुखते, हे आधीच माहीत असलेले बरे. दुसऱ्या भेटीत बोट ताणताना मात्र भूल देता येते.

त्या दिवशी अंगठी घरीच काढून ठेवावी. ऐन वेळी साबण लावून ओढाताण करणे आणि नंतर सुजलेल्या बोटातून ती कापून काढणे, दोन्ही त्रासदायक. बाह्या सैल असलेला सदरा घालावा आणि परतताना गाडी चालवायला कोणी सोबत असावे, कारण हाताला जाड पट्टी बांधलेली असते. झोपेपर्यंत हात उंच ठेवावा. बोट वाकवणे, सरळ करणे, दोरी दाबून पाहणे, हे सर्व दुसऱ्या भेटीपर्यंत वर्ज्य, कारण हालचालीने औषध दोरीबाहेर झिरपते. ‘जरा ओढून पाहिले तर तुटेल’ हा मोह फार जणांना होतो, तो आवरावा.

दोरी तुटल्यावर रात्री झोपताना स्प्लिंट (बोट सरळ धरून ठेवणारा आधार) लावावी लागते, चार महिन्यांपर्यंत, आणि दिवसातून अनेकदा बोटांचे व्यायाम करावे लागतात. याचा कंटाळा करणाऱ्यांची निराशा मी पाहिली आहे. काखेत वा कोपरापाशी गाठ दुखरी होणे, खाज सुटणे, हे सहसा आपोआप ओसरते. मात्र ताप, वाढती लाली, बधिरपणा, किंवा सूज उतरल्यावरही बोट मुडपता न येणे, यांपैकी काहीही झाल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे. चेहऱ्यावर सूज, अंगावर गांधी किंवा श्वासाला त्रास झाल्यास थेट तातडीच्या विभागात जावे.

अपेक्षा किती ठेवावी? 2009 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत बोटाच्या मुळाच्या सांध्याला सुमारे 77 टक्के, तर मधल्या सांध्याला 40 टक्के यश मिळाले. बोट जवळजवळ पूर्ण सरळ होणे, असा तेथे यशाचा अर्थ होता. एका दोरीत साधारण चार आठवड्यांच्या अंतराने कमाल तीन इंजेक्शने देता येतात. आजार परत येऊ शकतो, हेही गृहीत धरावे.

प्रश्न : मी लंडनजवळ राहते. माझ्या यजमानांनाही हाच त्रास आहे. अमेरिकेत मिळणारे हे इंजेक्शन येथे का देत नाहीत? ते धोकादायक ठरले का?

उत्तर : नाही. युरोप आणि ब्रिटनमधून ते 2020 साली कंपनीने व्यावसायिक कारणांमुळे काढून घेतले, सुरक्षिततेच्या कारणामुळे नव्हे. तेथे सुईने दोरी तोडण्याची पद्धत आणि शस्त्रक्रिया हे दोन पर्याय आहेत. सुईने लवकर बरे वाटते, शस्त्रक्रियेने फायदा अधिक टिकतो. हात टेबलावर सपाट टेकत असेल आणि कामात अडथळा नसेल, तर थांबण्यातही गैर काही नाही.

प्रश्न : पुण्यात माझ्या आईच्या बोटात डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि तिचे अडकलेले बोट सुटले. तेच का हे?

उत्तर : ते बहुधा ‘ट्रिगर फिंगर’साठी दिलेले स्टेरॉइड असावे. त्यात बोट वाकते, अडकते आणि खट्कन सुटते. डुप्युट्रेनमध्ये बोट एकदा वाकले की दुसऱ्या हाताने ओढूनही सरळ होत नाही. आईंना मधुमेह असल्यास स्टेरॉइडनंतरचे काही दिवस साखर वाढू शकते, तेव्हा ती तपासत राहावी.