राखणीचा मोठा कुत्रा शांत स्वभावाचा असू शकतो का?

तुम्ही विचारलंय की घरात ५ वर्षांची मुलगी आहे, राखणीसाठी रॉटवायलर घ्यायचाय, पण ओळखीतले सांगतात शांत कुत्रा काय राखण करणार, लहानपणापासून बांधून ठेवा, कुणाला हात लावू देऊ नका, म्हणजे तो तेज होतो. कृपा करून हे अजिबात करू नका. मी हे करून बसलोय म्हणून इतकं ठासून सांगतोय.

माझा पहिला कुत्रा डॉबरमन, राजा. ३ महिन्यांचा असल्यापासून दिवसभर साखळीला, पाहुणे आले की मागच्या बाजूला, फिरवणं जवळपास नाहीच. दीड वर्षाचा झाला तेव्हा गेटसमोरून कुणी नुसतं गेलं तरी तोंडाला फेस येईपर्यंत भुंकायचा आणि मला वाटायचं वा, काय कुत्रा तयार झालाय. मग एक दिवस भाच्याने लाडाने त्याच्या डोक्याकडे हात नेला आणि राजाने त्याचं मनगट धरलं, टाके घालावे लागले. त्यानंतर एका ट्रेनरना बोलावलं तर ते अर्धा तास काही न करता नुसते लांब उभे राहून बघत होते, आणि म्हणाले हा राखण करत नाहीये, हा घाबरलाय. शेपूट बघा खाली आहे, कान मागे, अंगाचा सगळा भार मागच्या पायांवर, भुंकतोय पण भुंकता भुंकता मागे सरकतोय. दीड वर्ष मी रोज हे बघत होतो आणि मला कळलं नव्हतं.

घाबरलेल्या कुत्र्याला चोर आणि पाहुण्यांचं पोर यात फरकच करता येत नाही, त्याला सगळेच धोका वाटतात. आणि खरंच कुणी दांडगा माणूस समोर ठाम उभा राहिला तर असा कुत्रा बरेचदा पळतो, पळायला जागा नसली तर चावतो. ज्याचं मन स्थिर आहे तो आधी बघतो, अंदाज घेतो, मग ठरवतो. राखणीला हाच लागतो.

आणि या जातींमध्ये राखण करायची वृत्ती रक्तातच असते हो, ती मारून मुटकून आणावी लागत नाही. बुलमास्टिफ घ्या, १९व्या शतकात इंग्लंडमध्ये जमीनदारांच्या जंगलांचे राखणदार चोरट्या शिकाऱ्यांना पकडायला हे कुत्रे ठेवायचे, काम काय तर माणसाला खाली पाडायचं आणि न फाडता दाबून धरायचं. म्हणजे ताकदीइतकाच संयम बघून ती जात तयार झाली. नामिबियात १९९४ पासून चीता कॉन्झर्व्हेशन फंड ही चित्ते वाचवणारी संस्था शेतकऱ्यांना शेळ्या-मेंढ्या राखायला अनातोलियन शेफर्ड जातीची पिल्लं देतेय, ते कुत्रे कळपात वाढतात, करडांमध्ये लोळतात, आणि चित्ता आला की मध्ये उभं राहून जोरात भुंकतात, तेवढ्यानेच तो बहुतेक वेळा निघून जातो.

आता तुमच्या हातात काय आहे तर पहिले काही आठवडे. साधारण ३ ते १२-१४ आठवडे या वयात पिल्लू जे बघेल, ऐकेल, हुंगेल ते त्याला आयुष्यभर नेहमीचं वाटतं. अमेरिकेत १९६१ साली छापून आलेल्या एका प्रयोगात १४ आठवड्यांपर्यंत माणसांपासून लांब ठेवलेली पिल्लं नंतर माणसाजवळ यायलाच तयार होत नव्हती. त्यामुळे लसीकरण पूर्ण व्हायचंय म्हणून पिल्लाला कोंडून ठेवू नका, खाली सोडू नका पण कडेवर घेऊन बाहेर न्या. म्हातारी माणसं, छत्री, हेल्मेट, व्हीलचेअर, रडणारी मुलं, सगळं दाखवा, लांबून, त्याच्या कलाने, जबरदस्ती नको.

राजानंतर मी रॉटवायलर मादी आणली, तारा, ४२ किलोची आहे. तिला हे सगळं दाखवलं. ८-९ महिन्यांपर्यंत ती कुणावरही भुंकायची नाही, लोक म्हणायचे ही काय कामाची, पण मोठ्या जातींमध्ये राखणीची समज दीड-दोन वर्षांनंतर येते, कधी त्याहून उशिरा, तोपर्यंत धीर धरायचा. ती अडीच वर्षांची असताना रात्री एक माणूस भिंतीवरून आत उतरला, तारा त्याच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभी राहिली, तो खोल आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. तो आला तसा भिंतीवरून परत गेला, तिने त्याला शिवलंसुद्धा नाही. मी हाक मारली तर आली आणि पायाशी बसली. दुसऱ्या दिवशी माझ्या भावाचं पोर तिच्या पाठीला टेकून चित्रं काढत होतं.

तरी मुलीला आणि कुत्र्याला एकटं सोडू नका, कितीही गुणी असला तरी. ४०-५० किलोचा कुत्रा प्रेमाने अंगावर आला तरी मूल आपटतं. मुलीलाही शिकवा, जेवताना झोपलेला असताना त्याच्याजवळ जायचं नाही. आणि गुरगुरला म्हणून कधी मारू नका! गुरगुरणं म्हणजे तो सांगतोय की मला त्रास होतोय, ते बंद केलंत तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. शांत कुत्रा एकदम चिडका झाला तर आधी व्हेटकडे न्या, खुब्याचं दुखणं किंवा थायरॉइड असू शकतं. अर्धवट अटॅक ट्रेनिंगच्या नादाला तर लागूच नका, धरायला शिकवणारे खूप भेटतात, ‘सोड’ म्हटल्यावर त्या क्षणी सोडायला शिकवणारे फार कमी.

पिल्लू घ्यायला जाल तेव्हा त्याच्या आईला बघा. तुम्ही आत यावं म्हणून मालकाला आईला खोलीत कोंडावं लागत असेल तर तिथूनच परत फिरा. ती आधी भुंकली, मग मालकाने हो म्हटल्यावर जवळ येऊन तुम्हाला हुंगून निवांत बसली, तर त्या विणीतलं पिल्लू घ्या.