सोडियम कमी आलं म्हणजे मीठ कमी पडलं का?

तुम्ही विचारलंय की रक्ततपासणीत सोडियम कमी निघालं तर मीठ वाढवावं का, आणि यात हार्मोन्सचा संबंध कुठे येतो.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. हाच प्रश्न वर्गात विचारला की निम्म्याहून जास्त हात 'मीठ वाढवा' म्हणून वर जातात. बहुतेक वेळा ते चुकतं.

रिपोर्टवरचा आकडा शरीरात एकूण सोडियम किती आहे हे सांगतच नाही. एक लिटर रक्तद्रवात किती आहे, तेवढंच सांगतो. साधारण 135 ते 145 मिलिमोल. तो अपूर्णांक आहे. अंशात सोडियम, छेदात पाणी. अंशाला हात न लावता नुसता छेद वाढला तरी आकडा उतरतो.

छेद सांभाळतं ते व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन, म्हणजेच एडीएच. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं, पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात सुटतं. रक्ताची तीव्रता (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) एक-दोन टक्के वाढली तरी मेंदूला कळतं. मग एडीएच सुटतं, मूत्रपिंडाच्या शेवटच्या नलिकांमध्ये अ‍ॅक्वापोरिन नावाची पाण्याची दारं उघडली जातात आणि पाणी परत रक्तात येतं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, लघवी होते दीड-दोन लिटर. बहुतेक पाणी आधीच परत आलेलं असतं. उरलेल्यावर शेवटची घासाघीस एडीएच करतं. (दारू प्यायल्यावर वारंवार लघवीला लागते, कारण दारू एडीएचला दाबते.)

अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचं खातं वेगळं. ते तीव्रता नाही, रक्ताचं आकारमान बघतं. मूत्रपिंडाकडे येणारं रक्त कमी पडलं की मूत्रपिंड रेनिन नावाचं एन्झाइम सोडतं, त्यातून अँजिओटेन्सिन होतं, आणि त्याच्या सांगण्यावरून अ‍ॅड्रिनल ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडते. हे सोडियम राखतं, पोटॅशियम बाहेर टाकतं. पण सोडियमच्या मागोमाग पाणीही येतं, त्यामुळे रिपोर्टवरचा आकडा फारसा हलत नाही. पाठ्यपुस्तकं ही दोन्ही हार्मोन्स एकाच परिच्छेदात कोंबतात, गोंधळ तिथेच सुरू होतो असं मला वाटतं. रक्त जास्त झालं तर हृदयाच्या ताणलेल्या कर्णिका (वरचे कप्पे) एएनपी नावाचं हार्मोन सोडून सोडियम बाहेर घालवतात.

खरी गंमत या दोन खात्यांचं भांडण लागतं तेव्हा. हृदय कमजोर झालेला माणूस घ्या. पायांवर सूज, शरीरात सोडियम गरजेपेक्षा जास्तच, तरी रिपोर्टमध्ये 128. अवयवांपर्यंत रक्त नीट पोचत नाही, म्हणून शरीर 'आधी आकारमान वाचवा' असं ठरवतं आणि रक्त पातळ झालेलं असूनही एडीएच सोडत राहतं. पाणी साठतं, आकडा पडतो. अशा माणसाला मीठ वाढवून दिलं तर सूजच वाढेल. लांब पल्ल्याच्या शर्यतीत तहानेपेक्षा खूप जास्त पाणी पिणाऱ्या धावपटूंचंही सोडियम असंच छेदामुळे पडतं. उलट, उलट्या-जुलाबांत सोडियम खरंच गेलेलं असतं आणि तिथे ते भरून काढावंच लागतं.

अल्डोस्टेरॉन बाहेर टाकतं त्या पोटॅशियमचा कारभार मुख्यतः पेशींच्या आत. जवळपास 98 टक्के तिथेच असतं, रक्तात लिटरमागे जेमतेम 3.5 ते 5 मिलिमोल. पेशीवरचा पंप तीन सोडियम बाहेर ढकलून दोन पोटॅशियम आत घेतो. 1957 साली डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी तो दाखवला आणि 1997 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. इन्सुलिनही पोटॅशियम आत लोटतं. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: मॅग्नेशियम. ते कमी असेल तर पोटॅशियम लघवीतून गळत राहतं, कितीही गोळ्या दिल्या तरी चढत नाही. आधी मॅग्नेशियम भरावं लागतं.

तेव्हा मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. लघवीतलं सोडियम आणि लघवीची तीव्रता तपासली की दोष अंशात आहे की छेदात, याचा अंदाज येतो. जाताना चालू औषधांची यादी न्या, रक्तदाबासाठी थायझाइड गटातली गोळी असेल तर ती आधी सांगा. गुंगी, बरळणं किंवा झटके असतील तर लगेच दवाखान्यात जा, पण घरच्या घरी मीठ-पाणी पाजू नका. बरेच दिवस कमी असलेलं सोडियम झपाट्याने वर नेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.