३४० फॉलोअर आणि ४० किलो कुरडया

या वेळी छोटा धंदा करणाऱ्यांच्या प्रश्नांचा ढीगच आला. बहुतेकांचं दुखणं एकच, माल बनवायचा आपण, विकायचा आपण, हिशोब आपण आणि आता म्हणे व्हिडिओ पण आपणच काढायचे. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नव्हतं म्हणून पाच घेतलेत.

प्रश्न : मी साताऱ्याजवळ गावात उन्हाळी वाळवण करते. कुरडया, सांडगे, उडदाचे पापड, सालपापड्या. हाताखाली दोन बायका आहेत. भाच्याने इन्स्टाग्रामला पेज काढून दिलंय, ३४० फॉलोअर झालेत पण निम्मे घरचेच. तो म्हणतो मावशी रोज एक रील पडलीच पाहिजे. पहाटे चारला उठून चीक शिजवायचा की रील करायची? ४० किलो कुरडया पडून आहेत.

उत्तर : ताई, भाच्याला आधी चहा पाजा आणि सांगा रोजची रील बंद. पोराचा हेतू चांगलाय, पण ४० किलो कुरडया तुम्हाला न ओळखणाऱ्या लाखभर लोकांना विकायच्याच नाहीयेत. अर्धा किलोच्या ८० पिशव्या झाल्या ना, म्हणजे ८० घरं पुरे, आणि त्यातली निम्मी तरी तुमच्या फोनमध्ये आत्ताच आहेत बघा.

म्हणून पहिलं काम म्हणजे गेल्या वर्षी कोणी काय नेलं ते आठवून वहीत लिहा. मग फोनवर व्हॉट्सअॅप बिझनेस घ्या, ते २०१८ पासून आपल्याकडे आहे, फुकट आहे, आणि आत्ताचा नंबर त्याच्यावर नेता येतो, फक्त आधी बॅकअप घ्या नाहीतर जुने मेसेज गेले म्हणून मला शिव्या द्याल. त्यात कॅटलॉग असतो, तिथे प्रत्येक वस्तूचा फोटो, वजन आणि भाव टाकायचा. भाव टाकायचाच! ते 'किमतीसाठी इनबॉक्स करा' वाचलं की माझं डोकं फिरतं, दुकानात जाऊन भाव विचारला तर दुकानदार कानात सांगतो का? विचारायला लाजणारं गिऱ्हाईक गप निघून जातं आणि तुम्हाला कळत पण नाही.

मग ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, तुम्हाला भरपूर झाले. पण मेख अशी की ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो, त्यामुळे प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी टाका, नंबर आणि खाली 'सेव्ह करून ठेवा, पुढच्या वर्षी आठवण करू'. मेसेज पण महिन्यातून दोनदाच, आणि त्यात गुलाबाच्या फुलावर शुभ सकाळ नको. असं लिहा : 'यंदाच्या कुरडया झाल्या. गहू घरचा. अर्धा किलोचा भाव अमुक. साताऱ्यात घरपोच, पुण्याला शनिवारी पार्सल जाईल, गुरुवारपर्यंत सांगा.' यात वार आहे ना, त्यानेच काम होतं, नाहीतर लोक 'घेऊ घेऊ' म्हणत दिवाळी आणतात.

आता रील. एकदम सोडू नका, आठवड्याला एक ठेवा आणि सगळ्या एकाच पहाटे शूट करून टाका. तुम्ही जे रोज करता आणि ज्याचं तुम्हाला काहीच वाटत नाही तेच लोकांना बघायचं असतं. तीन दिवस भिजलेला गहू वाटून चीक काढताना, पातेल्यात तो घोटताना हाताला येणारी रग, साच्यातून गच्चीवरच्या धुतलेल्या साडीवर पडणारी पहिली कुरडई, आणि सगळ्यात भारी म्हणजे कढईत टाकल्यावर ती डोळ्यादेखत फुलते ते. तेवढंच दाखवा, दहा सेकंद. वर गाणं लावू नका, तेलाचा आवाज राहू द्या. तसंही बिझनेस अकाउंट केलं की सिनेमातली बरीचशी गाणी मिळतच नाहीत. आणि एक दिवस नुसता वाटीभर गरम चीक, वर तेल की साखर, एवढा फोटो टाकून विचारा तुम्ही कसा खायचात. मुंबई-पुण्यात राहणारी आपली माणसं तिथे भांडायला येतील बघा, आणि भांडायला आलेला माणूस अर्धा किलो घेऊनच जातो.

पाकिटावर अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर असू द्या, नसेल तर रजिस्ट्रेशन करून घ्या, आणि तो फोटोत पण दिसू द्या. अनोळखी माणसाचा विश्वास दहा रील्सपेक्षा त्याने जास्त बसतो. कुरडया कुरिअरमध्ये मोडतात हे मी तुम्हाला काय सांगायचं, पण तुम्ही डब्यात कशा भरता तेही एकदा दाखवा, लोकांच्या मनात तोच प्रश्न असतो.

प्रश्न : माझं लातूरला टू-व्हीलरचं गॅरेज आहे, एक पोरगा हाताखाली. हात दिवसभर ऑइलचे, फोन धरायची सोय नाही. सोशल मीडिया केलंच पाहिजे का?

उत्तर : नाही केलं तरी चालेल दादा. खरंच. गाडी बंद पडलेला माणूस इन्स्टाग्राम उघडत नाही, तो गूगल मॅप उघडून जवळचं गॅरेज शोधतो, तिथे तुम्ही दिसलात की झालं. गूगल बिझनेस प्रोफाइल म्हणतात त्याला, फुकट आहे. खात्री करायला ते बरेचदा व्हिडिओ मागतात, त्यात बोर्ड, समोरचा रस्ता, शटर उघडताना आणि आतली हत्यारं एका दमात दाखवायची, मध्ये कट करायचा नाही. नाव बोर्डावर आहे तेच टाका, 'लातूरमधील नंबर वन बेस्ट बाइक रिपेअर' असली शेपटी लावली तर प्रोफाइल बंद होऊ शकतं. नकाशावरची पिन स्वतः दुकानासमोर उभं राहून तपासा. आठवड्याची सुट्टी असेल तर ती नक्की टाका, उन्हात गाडी ढकलत आलेल्या माणसाला बंद शटर दिसलं की तो आयुष्यभर विसरत नाही.

रिव्ह्यू मागायची वेळ एकच, गाडी पहिल्या किकला सुरू झाली आणि गिऱ्हाईक हसला की लगेच, रिव्ह्यूचा क्यूआर भिंतीवर लावलेला असला की बोट दाखवायचं. रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट मात्र नको, गूगलला ते चालत नाही. कोणी वाईट लिहिलं तर रात्री हात धुऊन, जेवून, मग उत्तर द्या. जेवायच्या आधी देऊ नका.

प्रश्न : आमचं नाशिकला मिसळीचं छोटं हॉटेल आहे, सहा टेबलं. एक फूड व्लॉगर आला, म्हणतो आठ हजार आणि चार जणांचं जेवण द्या, रील करतो. द्यावे का?

उत्तर : आठ हजारात किती मिसळ होतात तो हिशोब तुम्ही माझ्यापेक्षा पटकन कराल. त्याचे फॉलोअर किती हे विचारू नका, त्याच्या आधीच्या पाच रील्सच्या खालच्या कमेंट वाचा. 'कुठे आहे हे', 'रविवारी जाऊया का' असं नाशिककर लिहीत असतील तर विचार करा, नुसते आगीचे इमोजी असतील तर चहा पाजून पाठवा. आणि त्या पाचातल्या एका हॉटेलवाल्याला सरळ फोन लावा, धंद्यातला माणूस खरं सांगतो. घेतलंच तर रीलवर ती जाहिरात आहे असं लिहायला सांगा, जाहिरात मानक परिषदेचा २०२१ पासून तसा नियमच आहे आणि फुकट जेवण दिलं तरी तो लागू होतो.

एक मात्र विसरू नका, सहा टेबलांच्या हॉटेलात रविवारी अचानक शंभर माणसं आली आणि दहालाच कट संपला तर तीच शंभर माणसं खाली वाईट रिव्ह्यू लिहून जातात. आधी टोप मोठा घ्या, मग व्लॉगर.

प्रश्न : पोस्ट बूस्ट करायला, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवायला, किती टाकावेत? घरगुती केकचा धंदा आहे, पुण्यात सिंहगड रोडला.

उत्तर : इथे माझीच फजिती सांगते. २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा मी आणि माझ्या जावेने कापडी पिशव्या शिवायला घेतल्या होत्या. पोस्ट छान झाली म्हणून उत्साहात दोन हजार रुपये लावून बूस्ट दाबलं, आणि ठिकाण बदलायचं विसरले, ते होतं अख्खा भारत. दोन दिवसांत नऊशे लाइक! जाऊ नाचायचीच बाकी होती. ऑर्डर किती? एक. तीही तिच्या माहेरची.

त्यामुळे तुम्ही घरापासून चार-पाच किलोमीटर एवढाच परिसर ठेवा, केक स्कूटरवर तेवढाच लांब नीट जातो. स्वतःच्या बळावर चांगली चाललेली पोस्टच बूस्ट करा, पडलेल्या पोस्टला पैसे लावून ती उठत नाही. सुरुवातीला हजार रुपये बास, त्यात १८ टक्के जीएसटी जातो म्हणजे जाहिरातीला साडेआठशेच्या आतबाहेरच उरतात हे धरून चाला. बटण 'व्हॉट्सअॅपवर मेसेज करा' हे ठेवा, म्हणजे हजारात किती जणांनी विचारलं आणि किती केक गेले ते मोजता येतं. फॉलोअर विकत देणारे मेसेज करतील, त्यांना ब्लॉक करा, विकतचे फॉलोअर वाढदिवस करत नाहीत.

जाता जाता अजून एक. 'मी आर्मीतून बोलतोय, कँटीनला पन्नास केक पाहिजेत, पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा' असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घ्यायला ना स्कॅन करावं लागतं ना पिन टाकावा लागतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

प्रश्न : ठाण्यात ब्लाउज शिवते. मुलगी म्हणते पोस्ट इंग्रजीत टाक, क्लास दिसतो. एआयकडून लिहून घेतलं तर फार गोड गोड येतं. काय करू?

उत्तर : गिऱ्हाईक आलं की तुम्ही त्याच्याशी जे बोलता तेच लिहा. 'प्रिन्सेस कट, अस्तरासकट, फॉल-पिको करून मिळेल, लग्नसराईत दहा दिवस आधी कापड द्या.' यात मराठी किती आणि इंग्रजी किती हे कोणी मोजत नाही, आणि बायका शोधतात पण याच शब्दांनी. मुलीला लिहायला सांगू नका, तिच्या हातात फोन द्या आणि तुम्ही जुन्या ब्लाउजवरून माप कसं घेता ते टेबलावर टेप ठेवून बोलत बोलत दाखवा. बगलेत नेहमी का काचतं ते एकदा नीट समजावून सांगा, त्या व्हिडिओखाली किती जणी येतात ते मला कळवा.